दगडाला पाझर फोडणारे पाणी

आषाढ-श्रावणात घरातल्या गुळाच्या ढेपेकडे कधी नीट पाहिले आहे का? उन्हाळ्यात बत्त्याने फोडावी लागणारी ती कडक ढेप पावसाची झड लागली की पाघळू लागते. फडक्याला चिकट डाग पडतात, खालच्या ताटलीत काकवीसारखा रस जमतो आणि मुंग्यांची रांग लागते. चुलीची धग तिला लागलेली नसते. उलट बाहेर गारठा असतो. तरी गूळ पातळ होतो. घरातल्या आजीला विचारा, ती सांगेल, "ओल धरली बाबा त्याने."

वाचकहो, आज लिहायचे आहे ज्वालामुखीबद्दल, आणि सुरुवात केली गुळापासून. याला कारण आहे. जगातले जे सर्वांत रागीट ज्वालामुखी आहेत, जावा-सुमात्राचे, जपानचे, फिलिपाइन्सचे, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचे, ते सगळे याच न्यायाने पेटतात. तिथला दगड वितळतो तो जास्त आच लागल्याने नव्हे, तर ओल लागल्याने. आगीच्या डोंगराचे मूळ पाण्यात आहे, असे कुणी सांगितले तर आपण हसू. पण गोष्ट खरी आहे आणि ती मोठी गमतीची आहे.

शाळेत आपण सगळ्यांनीच ऐकलेले असते की पृथ्वीच्या पोटात तप्त रस उकळतो आहे आणि वर भोक पडले की तो बाहेर येतो. हे चित्र बरेचसे चुकीचे आहे. आपण ज्यावर नांगर चालवतो ते भूकवच जमिनीखाली साधारण तीस-चाळीस किलोमीटर जाड असते, समुद्राखाली तर सहा-सात किलोमीटरच. त्याखाली सुमारे २९०० किलोमीटरपर्यंत जे प्रावरण आहे, ते रसाचे नाही, घट्ट खडकाचे आहे. तापलेले आहे, हजार अंशांच्या वर आहे, पण डोक्यावर खडकाचे ओझे इतके की त्याला पातळ व्हायला सवडच मिळत नाही. त्याच्याही खाली वितळलेले लोखंड आहे हे खरे, पण ते काही ज्वालामुखीतून वर येत नाही.

मग घट्ट खडक वितळतो कसा? एक तर तो खालून वर सरकावा आणि डोक्यावरचे ओझे हलके व्हावे. आपला महाराष्ट्राचा काळा पाषाण असाच जन्मला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत असताना खोलवरून तापलेल्या खडकाचा एक मोठा झोत तिच्याखाली वर आला, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्याच झोताचा अवशेष आज रियुनियन बेटाखाली धुमसतो आहे. दुसरा मार्ग गुळाचा, म्हणजे ओलीचा. जावाकडे हा दुसरा मार्ग चालतो. तो समजून घ्यायचा तर मुलांच्या दप्तरातला नकाशा जरा बाहेर काढा.

अंदमानवर बोट ठेवा आणि खाली सुमात्रा, मग जावा, मग बाली असे फिरवत न्या. बोट धनुष्याच्या कमानीसारखे फिरेल. या कमानीच्या बाहेरच्या अंगाला समुद्राच्या तळाशी एक लांबच लांब चर आहे. जावाच्या दक्षिणेला त्याची खोली सात हजार मीटरहून अधिक आहे. आपली चार कळसूबाई एकावर एक रचून त्यात ठेवली तरी वर पाणीच राहील. पृथ्वीचे वरचे कवच एकसंध नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. भारत आणि ऑस्ट्रेलिया ज्या भूपट्टांवर बसले आहेत, त्यांचा समुद्राखालचा भाग या चरातून पुढच्या भूपट्टाखाली घुसतो आहे. जावापाशी हा वेग वर्षाला सहा-सात सेंटीमीटर आहे. आपली नखे वर्षाकाठी तीन-चार सेंटीमीटर वाढतात, त्याच्या दुप्पट धरा. वेग ऐकायला काहीच नाही, पण लाखो वर्षे अखंड चालला की समुद्राचा अख्खा तळ पृथ्वीच्या पोटात जातो.

समुद्रतळ खाली जातो हे कळले कसे? भूकंपांनी सांगितले. जपानचे कियो वादाती यांनी १९२८ ते १९३५ या वर्षांत भूकंप किती खोल होतात याचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की समुद्राकडून जमिनीकडे यावे तसतसे भूकंप खोल खोल होत जातात, जणू एखादी फरशी तिरपी खाली उतरते आहे आणि वाटेत कडाडते आहे. जावाखाली हे भूकंप सहाशे किलोमीटरपर्यंत सापडतात. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा ते अंदमान असा सुमारे तेराशे किलोमीटर लांबीचा सांधा एका सकाळी सरकला आणि त्सुनामी आली, ती याच फरशीवरून. अडकून बसलेली फरशी सुटली एवढाच त्याचा अर्थ.

वखर चालवताना पासेपुढे माती, धसकटे, काडीकचरा गोळा होतो ना? तसेच इथेही होते. खाली जाणाऱ्या तळावरचा पुष्कळसा गाळ वरच्या काठाने खरवडला जातो आणि साचत साचत डोंगर होतो. अंदमानची मोठी बेटे बरीचशी अशा खरवडलेल्या गाळाची आणि तळाच्या खडकाची आहेत. गाळही थोडाथोडका नव्हे. गंगा-ब्रह्मपुत्रेने हिमालय झिजवून आणलेली माती बंगालच्या उपसागराच्या तळावर तीन हजार किलोमीटर पसरली आहे. सगळा गाळ मात्र खरवडला जात नाही. काही फरशीबरोबर खाली जातोच.

आता खरा पेच पहा. समुद्राचा तळ थंड. कोट्यवधी वर्षे गार पाण्याखाली निजलेला. असा थंड दगड तापलेल्या प्रावरणात घातला तर तिथे गारवा यायला हवा. चुलीत ओले लाकूड घातल्यावर चूल विझायला हवी. मग नेमके त्याच्यावरच ज्वालामुखींची रांग का उभी राहते? पूर्वी लोकांना वाटे की फरशी घासून तापते आणि स्वतःच वितळते. काही ठिकाणी थोडेफार तसे घडतही असेल, पण बहुतेक जागी फरशी वितळत नाही. ती पाणी सोडते.

समुद्राचे पाणी तळाच्या भेगांतून युगानुयुगे मुरत असते. ते मोकळे राहत नाही, खडकाच्या कणाकणात बांधले जाते. तुमच्या गावच्या कुंभाराला विचारा. उन्हात खडखडीत वाळलेले मडके आव्यात घातले तरी त्यातून वाफ निघते. ती वरवरची ओल नसते, मातीच्या कणात बांधलेले पाणी असते, आणि ते भट्टीची आच लागल्यावाचून सुटत नाही. समुद्रतळाचे तसेच. फरशी साधारण ८० ते १५० किलोमीटर खोलीवर पोचली की ती दाबली जाते, तापते, आणि एवढा काळ धरून ठेवलेले पाणी सोडते. हे पाणी वर झिरपते आणि वरच्या तप्त प्रावरणाला भेटते. त्या खोलीवर कोरडा खडक वितळायला १४०० ते १५०० अंश लागतात. ओला खडक हजाराच्या आसपासच वितळू लागतो. प्रावरण तर त्याहून तापलेले असतेच. म्हणजे आच होती तेवढीच राहिली आणि दगडाला पाझर फुटला. गुळाचे उदाहरण इथे तंतोतंत लागू पडत नाही, कारण गूळ हवेतल्या ओलीत विरघळतो आणि खडकाचा वितळण्याचा अंशच खाली येतो. पण डोळ्यांपुढे चित्र उभे करायला ते पुरे आहे.

म्हणूनच ज्वालामुखी चराच्या काठावर नसतात. जावात ते चरापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर आत आहेत. फरशीला तेवढी खोली गाठायला तेवढे अंतर लागते.

कुणी शंका काढील की हे सगळे अनुमान झाले, शंभर किलोमीटर खाली जाऊन पाणी पाहून कोण आले? रास्त शंका आहे. तिचे उत्तर १९८२ साली अमेरिकेतल्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या संशोधकांनी दिले, आणि मला स्वतःला या सबंध विषयात ही गोष्ट सर्वांत आवडते. आकाशातून येणारे वैश्विक किरण आपल्या हवेवर आदळतात तेव्हा बेरिलियम-१० नावाचा एक विरळ पदार्थ तयार होतो. तो पावसाबरोबर खाली येतो आणि समुद्राच्या गाळात बसतो. तो टिकाऊ नाही, सुमारे चौदा लाख वर्षांत त्यातला निम्मा नष्ट होतो. म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या जुन्या खडकात तो असूच शकत नाही. तरीही अल्यूशियन बेटांच्या आणि मध्य अमेरिकेच्या ताज्या लाव्हात तो सापडला. जिथे समुद्रतळ खाली जात नाही, अशा ठिकाणच्या ज्वालामुखींत त्याचा जवळजवळ मागमूस नाही. मग लाव्हात तो आला कुठून? पावसातून. काही दशलक्ष वर्षांपूर्वी समुद्रावर पाऊस पडला, त्याची खूण गाळात बसली, गाळ फरशीबरोबर खाली गेला, तिथून पाण्याच्या आणि रसाच्या वाटेने वर आला आणि डोंगराच्या तोंडातून बाहेर पडला. आपण पावसाची नोंद तालुक्याच्या पर्जन्यमापकात ठेवतो. पृथ्वीने ती लाव्हात ठेवली आहे.

पाणी एकटे येत नाही. शेताच्या पाटात खत टाकले की पाणी ते पुढे नेते, तसे हे खोलातले पाणी पालाश, बेरियम, बोरॉन, गंधक, क्लोरिन असे विरघळणारे पदार्थ सोबत आणते. टायटॅनियमसारखे न विरघळणारे मागे राहतात. त्यामुळे लाव्हाची पूड प्रयोगशाळेत दिली की तो कोणत्या कुळातला हे माती-परीक्षणाच्या अहवालासारखे लख्ख कळते. आपल्या दख्खनच्या पाषाणात टायटॅनियम भरपूर आहे. जावाच्या लाव्हात सहसा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

आता स्वयंपाकघरात चला. आमटी उकळते तेव्हा बुडबुडे येतात आणि निमूट फुटतात. पिठले रटरटते तेव्हा मात्र आयाबहिणी दोन पावले मागे सरकतात, कारण त्याचा शिंतोडा हातावर उडाला की चटका बसतो. आच तीच, वाफ तीच. फरक दाटपणाचा. घट्ट पिठल्यातून वाफेला वाट मिळत नाही, ती कोंडते आणि मग फुटते. खडकाच्या रसात पिठाचे काम सिलिका करते, म्हणजे वाळूत आणि गारगोटीत असतो तो मुख्य अंश. आपल्या काळ्या पाषाणात सिलिका साधारण शंभरात पन्नास भाग. म्हणून त्याचा रस आमटीसारखा पातळ होता. तो वाहत गेला, थरावर थर बसले. माळशेज किंवा वरंधा घाट चढताना कड्यात ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या त्याच. सह्याद्रीच्या अंगाचा हा लाव्हा सुमारे हजार किलोमीटर वाहत पार आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचला, हे दोन्हीकडच्या दगडांचे रसायन जुळवूनच दाखवण्यात आले आहे.

जावाकडचा रस वर येताना भूकवचात अडकतो, खोलात डबक्यासारखा साचून राहतो. काकवीच्या बरणीत तळाला साखरेचे खडे बसतात आणि वरचे पातळ वेगळ्या चवीचे होते, हे तुम्ही पाहिले असेल. तसे या साचलेल्या रसातून लोह आणि मॅग्नेशियम असलेले जड खडे आधी बसतात आणि उरलेल्या रसात सिलिकाचे प्रमाण वाढते. शेजारचा जुना खडक वितळून त्यात मिसळतो तो वेगळाच. असा रस पंचावन्न-साठ टक्के सिलिकेचा होतो. त्या दगडाला अँडीज पर्वतावरून अँडेसाइट नाव पडले. आणखी साचून राहिला तर सत्तरच्याही वर जातो. वर त्यात पाणी विरघळलेले, वजनाने शंभरात चार भागांच्या आसपास. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी दाबेपर्यंत आत काही दिसत नाही, दाबली की फसफसून फेस बाहेर. रस वर आला, दाब उतरला की त्यातले पाणी वाफ होऊन असेच सुटते. पण दाट रसातून सुटताना ते सगळा रसच फोडून त्याची राख करते. समुद्रतळाने खाली नेलेले पाणी म्हणजे दुहेरी काम करणारे पाणी झाले. खाली दगड वितळवते आणि वर त्याला फोडते.

१८१५ साली तांबोरा फुटला, त्यात आणि नंतरच्या उपासमारीत सत्तर हजारांच्या आसपास माणसे गेली. त्याच्या गंधकाच्या धुरक्याने पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेत उन्हाळाच आला नाही, पिके गारठली. १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला, छत्तीस हजार माणसे मुख्यतः समुद्राच्या लाटांनी नेली, आणि त्याचा आवाज ४८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू गेला. या गोष्टी पुष्कळांनी वाचल्या असतील. मी तुम्हाला मेरापीची सांगतो, कारण ती शेतकऱ्यांची आहे.

मेरापी हा जावातला डोंगर, उंची तीन हजार मीटरला थोडी कमी, योग्यकर्ता शहराच्या उत्तरेला. त्याच्या उतारावर भाजीपाला होतो, गवत होते आणि दुभती जनावरे पाळली जातात. अगदी वरच्या गावांपर्यंत घरे आहेत. डोंगरावरून राख, धोंडे आणि तापलेली वाफ यांचा जो लोट गडगडत उतरतो, त्याला तिथले लोक 'वेदुस गेम्बेल' म्हणतात. म्हणजे झुबकेदार लोकरीचे मेंढरू. लांबून तो लोट तसाच दिसतो, मऊ आणि गुबगुबीत. पण तो शेकडो अंश तापलेला असतो आणि एस. टी. च्या दुप्पट वेगाने येतो. त्याच्यापुढे पळून कुणी वाचत नाही. आधी निघणे हाच एक उपाय.

ऑक्टोबर २०१० मध्ये डोंगरातून वायू वाढला, धरणीकंपाचे लहान धक्के वाढले, कडा फुगू लागला. वेधशाळेने २५ ऑक्टोबरला सर्वांत वरचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी पहिला स्फोट झाला. सुलतानाने नेमलेले डोंगराचे राखणदार, ज्यांना सगळे आदराने आजोबा म्हणत, ते ८३ वर्षांचे मारिजान गाव सोडायला तयार झाले नाहीत. त्यांच्यावर विसंबून मागे राहिलेलेही होते. त्या संध्याकाळी लोट आला आणि त्यात ते गेले. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. ज्या डोंगराची जबाबदारी अंगावर घेतली, त्याला सोडून जायचे नाही, असे त्यांना वाटले. मात्र त्यांच्या शब्दावर थांबलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

छावण्यांत गेलेल्यांचा जीवही गोठ्यात अडकलेला. गाय उपाशी, सड तटतटलेले, आणि घरचा माणूस खाली शाळेच्या वर्गात बसलेला. तुम्हीआम्ही काय केले असते? बंदी मोडून लोक दिवसा वर जात, गवत कापत, जनावरांना घालत आणि परत येत. हे पाहून सरकारने धोक्याच्या पट्ट्यातली गुरे विकत घेण्याची तयारी दाखवली, म्हणजे गुरांपायी माणसे वर जायची थांबावीत. माझ्या मते त्या सबंध बंदोबस्तातला हा सर्वांत शहाणपणाचा विचार होता. ५ नोव्हेंबरच्या रात्री मोठा स्फोट झाला. त्याआधीच उपग्रहाच्या चित्रांत डोंगराच्या तोंडाशी रसाचा घुमट झपाट्याने वाढताना दिसला होता, म्हणून धोक्याची हद्द वीस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात आली. साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. हद्द वाढवली नसती तर आणखी दहा ते वीस हजार गेली असती, असा हिशेब वैज्ञानिकांनी नंतर मांडला. पुढचे पावसाळे वेगळेच संकट घेऊन आले. सैल राख पाण्याबरोबर चिखल होऊन ओढ्या-नाल्यांतून धावली, पूल आणि बांध घेऊन गेली.

एवढे सोसून लोक तिथे परत का जातात? मातीसाठी. जावाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून कमी, सुमारे एक लाख तीस हजार चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत तिथे पंधरा कोटींवर माणसे मोजली गेली. एवढ्या तोंडांना पोसणारी ती भाताची खाचरे बऱ्याच अंशी ज्वालामुखीच्या राखेवर उभी आहेत. शेजारचे बोर्नियो बेट जावाच्या कितीतरी पट मोठे, पाऊस तितकाच, पण तिथे धगधगते डोंगर नाहीत. जमीन धुऊन निकस झालेली, वस्ती विरळ. मोर नावाच्या डच मृदाशास्त्रज्ञाने १९३८ मध्येच दाखवले होते की या बेटांवर माणसांची दाटी आणि राखेची जात यांचा संबंध आहे. जात म्हटले ते मुद्दाम. सिलिका कमी असलेली राख लवकर कुजते, चुना, मॅग्नेशियम, पालाश मोकळे करते. सुमात्रातली सिलिका जास्त असलेली राख त्या मानाने गरीब. खालच्या रसाचे रसायन असे थेट भाताच्या लोंबीपर्यंत येते.

पालाशाची तर आणखी एक मौज आहे. विल्यम डिकिन्सन आणि ट्रेव्हर हॅथर्टन यांनी १९६७ मध्ये दाखवले की चरापासून जसजसे आत जावे आणि खालची फरशी जसजशी खोल जावी, तसतसे लाव्हातले पालाश वाढत जाते. जावाच्या उत्तर किनाऱ्यावरचा जुना मुरिया डोंगर पालाशाने नुसता भरलेला आहे. याचे एक कारण असे देतात की खोलवर खडक थोडाच वितळतो, आणि पालाश पहिल्या पाझरात निघून येते. पाघळणाऱ्या ढेपेतून सर्वांत आधी काकवी निघावी तसे.

पण राख पडली की लगेच सोने पिकते, असे कुणी समजू नये. ताजी राख पीक जाळते, झाकते, जनावराच्या चाऱ्यात गेली तर पोट बिघडवते. ती कुजून माती व्हायला काळ जातो. आणि अशा मातीचा एक दोषही आहे. ती स्फुरद धरून बसते, पिकाला सहजी देत नाही. तिथला शेतकरीही त्यापायी खताच्या पिशव्या वाहतोच.

आता आपल्याकडचे. कुठे भूकंपाचा धक्का बसला, विहिरीतून वाफ दिसली किंवा जमिनीला भेग पडली की 'ज्वालामुखी निघतोय' अशी हूल उठते. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपण सोसला आहे, त्यामुळे भीती वाटणे साहजिक आहे. भूकंपाची काळजी घ्यावी, घराची भिंत नीट बांधावी. पण ज्वालामुखीची भीती मनातून काढून टाकावी. महाराष्ट्राच्या खाली कोणताही समुद्रतळ घुसत नाही, आणि जो झोत आपल्याखाली होता तो मागे, हजारो किलोमीटर दूर राहिला आहे. आपला पाषाण कधीच निवला.

भारताचा जागता ज्वालामुखी एकच, अंदमानच्या समुद्रातले बॅरन बेट. पोर्ट ब्लेअर, ज्याला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, त्याच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर ते आहे. रुंदी जेमतेम तीन किलोमीटर. खाली तीच तिरपी फरशी. दीडशे वर्षांहून अधिक निजून ते १९९१ मध्ये जागे झाले आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसते. माणूस तिथे राहत नाही, पण कधीकाळी कुणी सोडलेल्या शेळ्या रानटी होऊन राहिल्याची नोंद आहे. शेळीला काय, पाला दिसला की झाले. त्याच रांगेतले उत्तरेचे नारकोंडम बेट शांत आहे, दाट रानाने झाकलेले. तिथला धनेश पक्षी जगात दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

जावा-सुमात्राच्या त्या डोंगरांचा आणि आपल्या मातीचा मात्र एक जुना धागा आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या बाजूला कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तिथल्या नदीच्या गाळात राखेचा एक थर सापडतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात त्याकडे लक्ष वेधले. चहूकडे ज्वालामुखीचाच दगड, तेव्हा राखही इथलीच असेल असे कुणालाही वाटेल. पण तपासली तर तिच्यात सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर निघते. आपल्या पाषाणात पन्नास. ही राख इथली नव्हे. ती सुमारे तीन हजार किलोमीटरवरून, सुमात्रातल्या तोबाच्या स्फोटातून वाऱ्यावर आली. तोबाचा शेवटचा महास्फोट सुमारे चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याची की तोबाच्याच त्याहून जुन्या एखाद्या स्फोटाची, यावर संशोधकांचा वाद आहे. वाद महत्त्वाचा, कारण त्याच थराजवळ आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत, आणि राखेचे वय ठरले की त्यांचेही ठरते. राख पडून गेल्यावर कुकडीने तिच्यावर पुन्हा आपला नेहमीचा गाळ आणून टाकला.